दाईने सांगितलेल्या शंभर कविता

अभिजात साहित्य म्हटले, की आपला आवाज आपोआप खाली येतो. पोथी चौरंगावर ठेवावी तसे आपण ते जरा उंचावर, जरा दूर ठेवतो; आणि मग घरातली मुले तिकडे फिरकत नाहीत म्हणून हळहळत बसतो. अशी हळहळ करणाऱ्यांनी होकुसाई या जपानी चित्रकाराची एक मालिका अवश्य पाहावी. त्याची ती प्रसिद्ध लाट आता चहाच्या कपांवर आणि टी-शर्टांवरही येऊन पोहोचली आहे. ही मालिका मात्र त्या मानाने कोपऱ्यात राहिली.

मूळ पुस्तक ‘ह्याकुनिन इश्शु’. शंभर कवी आणि प्रत्येकाची एकच कविता. फुजिवारा नो तेइका याने तेराव्या शतकात केलेले हे संकलन. कवी म्हणजे सम्राट, सम्राज्ञी, दरबारातल्या स्त्रिया, भिक्षू; विषय विरह, चंद्र, दव, पानगळ. एवढे नाजूक प्रकरण, पण एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, ते चक्क पत्त्यांवर छापले गेले. एकाने कविता वाचायची आणि तिच्या उत्तरार्धाचा पत्ता बाकीच्यांनी झडप घालून उचलायचा, असा खेळ नववर्षाच्या दिवसांत रंगे. आपल्या भेंड्यांसारखाच, फक्त इथे पाठांतराइतकाच हातही चपळ हवा!

सुमारे 1835 मध्ये पंचाहत्तरीच्या होकुसाईने या कविता चित्रांत आणायला घेतल्या. मालिकेचे नावच मोठे मिश्कील आहे: दाईने चित्रांतून समजावलेल्या शंभर कविता. पंडित नाही, आचार्य नाही. मुलांना गोष्टी सांगणारी घरातली म्हातारी दाई! सहीसुद्धा ‘माजी होकुसाई, मांजी’ अशी. आम्ही निवृत्त अधिकारी दारावरच्या पाटीत ‘माजी’ घालतो, त्याची या निमित्ताने आठवण झाली.

आता दाई काय सांगते पाहा. हितोमारो या प्राचीन कवीच्या कवितेत एकट्याने काढायची रात्र आहे, आणि तिच्या लांबीला रानपक्ष्याच्या लांबलचक शेपटीची उपमा आहे. चित्रात तो पक्षी नाही. कोळी लांब जाळे ओढत आहेत आणि शेकोटीचा धूर वळणे घेत वर चालला आहे. लांबी तशीच ठेवली आणि रात्र कष्टकऱ्यांना देऊन टाकली! सम्राज्ञी जितोच्या कवितेत उन्हाळ्याची चाहूल देणारी पांढरी वस्त्रे डोंगरावर वाळत आहेत. होकुसाईने तिथे कपडे वाहून नेणारी साधी माणसे आणली.

दाईला कविता कळलीच नाही, असे विद्वान म्हणू शकतात. कादंबऱ्या लिहिणारा माणूस म्हणून मी दाईच्या बाजूचा आहे. तिने आपल्या रोजच्या पाहण्यातल्या वस्तू घेऊन कविता सांगितली. कळल्याशिवाय असे सांगता येत नाही.

अशी सलगी त्या काळात अगदी बिनधोक होती असेही नाही. अकराव्या शतकातल्या ‘गेंजी’ या महाकथेला तानेहिको नावाच्या लेखकाने नवा, लोकांना रुचेल असा साज चढवून 1829 पासून ती क्रमशः प्रसिद्ध केली. चित्रे कुनिसादाची. वाचकांनी ती डोक्यावर घेतली. 1842 मध्ये सरकारी सुधारणांच्या वरवंट्याखाली ती बंद पडली आणि त्याच वर्षी लेखकही गेला.

होकुसाईच्या मालिकेचे दुखणे निराळे होते. पस्तीस वर्षे कर्जाचे अर्ज तपासण्यात गेल्यामुळे माझी नजर चित्रामागच्या हिशेबाकडे जातेच. लाकूड, कागद, कोरणारा, छापणारा या सगळ्यांचे पैसे प्रकाशक घाली, आणि प्रत्येक रंगाला वेगळा ठसा कोरावा लागे. 1833 पासून जपानात दुष्काळ होता. निशिमुराया या प्रकाशकाने काही चित्रे काढली, मग काम इसेया सान्जिरो याच्याकडे गेले. शंभरांपैकी छापून निघाली फक्त 27.

पण या धंद्याची एक रीत ध्यानात घेतली पाहिजे. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करी. कोरणारा तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवी आणि रेघांच्या बाजूचे लाकूड कागदासकट कापून काढी. म्हणजे ठसा तयार होईपर्यंत चित्रकाराच्या हातचे मूळ रेखाटन संपलेले असे. छापल्या गेलेल्या 27 चित्रांची मुळे अशी लाकडावरच गेली. जी चित्रे छापलीच गेली नाहीत, त्यांच्या कागदांना मात्र कोणी पटाशी लावली नाही. अशी साठाहून अधिक रेखाटने आज शिल्लक आहेत. त्यांतली बरीच वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलादालनात आहेत. रंग नाहीत, नुसत्या काळ्या रेघा. पण त्या रेघा कोणा कोरणाऱ्याच्या हातून आलेल्या नाहीत. पंचाहत्तरीतल्या होकुसाईचा कुंचला जिथे टेकला आणि जिथे उचलला गेला, तिथेच त्या अजून आहेत.