दागिन्याच्या डबीतलं रिव्हॉल्वर

२०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी फील्ड गन फॅक्टरीने एक रिव्हॉल्वर बाजारात आणलं. नाव 'निर्भीक'. वजन अर्धा किलो, काडतूस .३२ चं, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. दिल्लीतल्या १६ डिसेंबर २०१२ च्या त्या भयंकर रात्रीला तेव्हा जेमतेम वर्ष उलटलं होतं. वर्तमानपत्रांनी त्या मुलीला 'निर्भया' म्हटलं, आणि सरकारी कारखान्याने आपल्या मालासाठी त्याच अर्थाचं नाव उचललं. खास स्त्रियांसाठी बनवलेलं भारतातलं पहिलं रिव्हॉल्वर, असा गाजावाजा झाला. आणि ते गिऱ्हाइकाच्या हाती कशातून द्यायचं? तर मरून रंगाच्या, दागिन्यांच्या डबीसारख्या डबीतून!

कोणाच्या तरी डोक्यातून ही कल्पना निघाली असणार, कोणीतरी तिला मान डोलावली असणार. एका मुलीच्या मरणाचं नाव घ्यायचं, त्याला डबी करायची आणि सव्वा लाखाला विकायचं. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही, याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं.

पुढच्या एक-दोन वर्षांत बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीने याहून धाकटं भावंडं आणलं. त्याचं नाव 'निडर'. हे .२२ चं, आठ गोळ्यांचं, वजनाला पाव किलोच्या आसपास आणि किमतीला पस्तीस हजारांच्या घरात. म्हणजे ज्यांना निर्भीक परवडत नाही त्यांनी निडर व्हावं. (२०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळ मोडून सरकारी कंपन्या झाल्या, पण त्याने नावं ठेवण्याची खोड गेली असेल असं वाटत नाही.) तेव्हापासून 'प्रत्येक मुलीच्या पर्समध्ये एक असायला हवं' हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, साहित्य संमेलनाच्या मांडवात ऐकलं आहे, आणि आपल्या गोव्यातल्या शिकल्यासवरलेल्या माणसांच्या तोंडून सर्वांत जास्त ऐकलं आहे. म्हणणारे बहुतेक पुरुष असतात, हे वेगळं सांगायला नको.

तर वाचकहो, आधी हे .२२ म्हणजे काय ते पाहू. कारण पर्समध्ये ठेवा म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ते काडतूस हातात घेतलं आहे, याची मला शंका आहे. हे रिमफायर जातीचं काडतूस. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक टोपी असते, तिच्यावर पिन आपटली की बार उडतो. रिमफायरला अशी टोपी नसते. पेटणारं रसायन बुडाच्या पातळ काठात सगळीकडे पसरून भरलेलं असतं, आणि पिन त्या काठावर आपटते. काठात एखाद्या जागी रसायन कमी पडलं आणि पिन नेमकी तिथेच आपटली, की काडतूस फुसकं. म्हणून मध्यटोपीच्या काडतुसापेक्षा हे जास्त वेळा दगा देतं. ही युक्ती १८४५ च्या सुमाराची, फ्लोबेर नावाच्या फ्रेंच माणसाची. दिवाणखान्यात बसून निशाणबाजीचा खेळ खेळता यावा म्हणून त्याने ती काढली. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी आपलं पहिलं रिव्हॉल्वर काढलं ते याच .२२ जातीचं. आज जे .२२ लाँग रायफल काडतूस सर्वत्र चालतं ते १८८७ चं. गोळीचं वजन साधारण अडीच ग्रॅम. लांब नळीच्या रायफलीतून ती वेगाने जाते. दोन इंचांच्या नळीतून सोडली की तिचा जोर जवळपास निम्म्यावर येतो.

छोट्या वस्तूंचं माणसाला वेडच असतं म्हणा. स्वित्झर्लंडमध्ये साडेपाच सेंटिमीटर लांबीचं, वीस ग्रॅमहूनही हलकं, खरोखर गोळी सुटणारं रिव्हॉल्वर बनवतात. तेही रिमफायरच. ते घड्याळजीच्या हातातली करामत म्हणून बघावं. पण ते घेऊन कोणी रात्री रस्त्याने सुरक्षित चालेल, असं म्हणण्याचा आगाऊपणा त्या स्विस कारागिरांनीही केलेला नाही.

हे सगळं पुस्तकी म्हणाल, तर डोळ्यांनी पाहिलेलंही सांगतो. गेल्या हिवाळ्यात मी कडोदऱ्याला गेलो होतो. कडोदरा म्हणजे सुरतेच्या पूर्वेला, मुंबई-अहमदाबाद हमरस्ता आणि धुळ्याकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तो चौक, आणि त्या चौकाभोवती वाढलेलं कापडगिरण्यांचं गाव. इथून बारडोली पुढे, व्यारा पुढे, आणि नवापूर ओलांडलं की आपलं खानदेश. त्यामुळे गिरण्यांत ओडिया आणि उत्तर भारतीय कामगारांबरोबर खानदेशी मराठीही भरपूर कानावर येते. माझी एक मावसबहीण डिचोलीहून लग्न होऊन तिकडे गेली. नवऱ्याच्या माघारी साड्यांच्या जॉबवर्कचं छोटं युनिट तीच चालवते. पगाराच्या दिवशी रोकड घेऊन फिरावं लागतं, एकदा धमकीही आली होती, म्हणून तिने परवाना मागितला. जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलिसांचा अहवाल, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, असं करत दीड वर्षाहून जास्त गेलं. मग छोटं .२२ चं रिव्हॉल्वर आलं. कुठल्या कारखान्याचं ते लिहीत नाही, त्याने काही फरकही पडत नाही.

रेंजवर पहिल्यांदा ते चालवायला ती गेली तेव्हा मी बरोबर होतो. मी मागे उभा, कानांवर बोळे. माझा या काडतुसाशी संबंध कॉलेजात एनसीसीच्या रायफलीपुरता. ती पालथं पडून, खांद्याला दस्ता टेकवून चालवायची, त्यामुळे हे सोपं असणार अशीच सगळ्यांची समजूत होती. सात मीटरवर वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा कागद. सात मीटर म्हणजे आपल्या जुन्या घरांच्या पडवीची लांबी, जास्त नव्हे.

गोळ्या भरतानाच पहिला घोटाळा. पेन्सिलीच्या तुकड्यांएवढी ती काडतुसं. थंडीची सकाळ, बोटं आखडलेली, दोन खाली पडली. मग तिने हात लांब केले आणि चाप ओढायला घेतला. ओढते, ओढते, पण घोडा पडेना. रिमफायरचा काठ चेपायला पिन जोरात आपटावी लागते, म्हणून चापही जड ठेवतात. आणि एवढ्याशा मुठीवर तीनच बोटं मावतात, करंगळी हवेत. चाप ओढता ओढता नळी खाली आणि डावीकडे झुकत गेली. बार उडाला तो कागदाच्या खालच्या मातीत. धक्का काहीच नाही, पण आवाज मात्र कानाचे बोळे भेदून जाणारा. नळी आखूड असली की आवाज मोठाच.

दोनदा चक्र भरलं, म्हणजे सोळा काडतुसं. एक फुसकं निघालं. रिव्हॉल्वरचा एक गुण कबूल केला पाहिजे, पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं, अडकून बसत नाही. उरलेल्या पंधरांपैकी नऊ कागदावर लागल्या, सहा कुठे गेल्या देव जाणे. भर उजेडात, उभ्या कागदावर, पाठीशी उस्ताद 'सावकाश, बेन, सावकाश' म्हणत असताना.

परत येताना गाडीत मी विचारलं, "कसं वाटलं गो बाय?"

"दादा, बोट दुखतंय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हे कपाटातच राहणार. पगाराच्या दिवशी मी नवऱ्याच्या जुन्या ड्रायव्हरलाच बरोबर नेणार, आजवर नेत आले तसं."

आता पर्सवाल्यांनी जरा हिशेब करावा. अंगावर धावून येणारा माणूस सात मीटर पार करायला किती वेळ घेतो? दीड-दोन सेकंद. तेवढ्यात पर्सची साखळी उघडायची, रुमाल, चाव्या, मोबाइल यांच्यातून ते हुडकायचं, तीन बोटांनी धरायचं, तो जड चाप ओढायचा आणि अंधारात हलत्या माणसाला मारायचं. आणि अडीच ग्रॅमची गोळी लागली, तरी तो तिथल्या तिथे थांबेलच असं नाही. उलट झटापटीत ते वीतभर हत्यार कोणाच्या हाती जाईल, हे सांगायला शस्त्रतज्ज्ञ लागत नाही.

पण हे सगळं खरं तर गौणच. समजा उद्या एखाद्या कारखान्याने न चुकणारं, न फसणारं रिव्हॉल्वर काढलं, तरी माझं भांडण मिटत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आले आहेत. बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, लग्नाचं वचन दिलेला, मालक, घरातला. पर्समधलं रिव्हॉल्वर बनवलंय ते काळोख्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी. काकाच्या घरी जेवायला गेलेली पंधरा वर्षांची मुलगी पर्स मांडीवर घेऊन बसणार आहे का? तिला तर परवानाही मिळायचा नाही, कायद्याने एकवीस वर्षं पुरी व्हावी लागतात.

आणि जिला खरोखर काळोख्या रस्त्याने जावं लागतं तिचं काय? कडोदऱ्यात संध्याकाळी पाळी सुटली की बायकांचे घोळके ट्रक चुकवत हमरस्त्याच्या कडेने चालतात. माझ्या बहिणीच्या युनिटमधल्या बायकांना मी विचारलं, भीती कशाची वाटते? एकीने ट्रकचं नाव घेतलं. दुसरीने रस्त्याच्या एका पट्ट्याचं, जिथे दिवे नाहीत. तिसरीने खोलीच्या मालकाचं, तेही हळू आवाजात. चौथी म्हणाली, आगीची. इथल्याच एका पॅकेजिंग कारखान्याला १८ ऑक्टोबर २०२१ च्या पहाटे आग लागली होती, दोन कामगार गेले, शंभराहून अधिक जणांना बाहेर काढावं लागलं. यातल्या कुठल्या भीतीवर .२२ ची गोळी झाडायची? पस्तीस हजार म्हणजे यांचे कित्येक महिन्यांचे पगार. आणि भाड्याच्या खोलीत सहाजणी राहणाऱ्या बाईला शस्त्र ठेवायला कुलपाचं कपाट कुठलं असणार?

म्हणजे ही वस्तू ज्यांना परवडते त्यांच्याकडे मोटार आहे, ड्रायव्हर आहे, सोसायटीचा रखवालदार आहे. ज्यांना भीती आहे त्यांच्यासाठी दिवा हवा, बस हवी, तक्रार लिहून घेणारा हवालदार हवा. ती कामं सरकारची. सरकारने त्याऐवजी आपल्या कारखान्यात रिव्हॉल्वर बनवलं आणि म्हटलं, बाई, तुझं तू बघ. वर त्याचे पैसेही घेतले!

काहीजण इथे इतिहास काढतील, हे मला ठाऊक आहे. इंग्रजांनी १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केलं, त्याविरुद्ध टिळकांच्या पिढीने आवाज उठवला, आणि आमच्या सत्तरीच्या राण्यांनी तर पोर्तुगिजांविरुद्ध बंदुका उचलल्याच. सगळं मान्य. पण राण्यांचं बंड हे राज्यसत्तेविरुद्ध होतं, माणसं एकत्र होती, रान त्यांच्या ओळखीचं होतं. एकटीने फ्लॅटच्या जिन्यात उभं राहून करायचं ते बंड नव्हे. आणि बायकांनी हात उचलू नये असं मी कुठेच म्हणत नाही. कायदाही तसं म्हणत नाही. बलात्काराच्या हेतूने हल्ला करणाऱ्याचा जीव घेण्यापर्यंत स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी दंड संहितेच्या कलम १०० मध्ये होता, आता न्याय संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. फक्त तो आपण योग्य रीतीने वापरला हे दाखवायचं ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर, कोर्टात, वर्षानुवर्षं. हे माहितीपत्रकात कुठे छापलेलं असतं?

.२२ चा मला तिटकारा आहे असंही कोणी समजू नये. उलट या काडतुसाने मराठी मुलींना जेवढं दिलं तेवढं फार थोड्या वस्तूंनी दिलं असेल. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं ते याच काडतुसाच्या रायफलीवर. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं, भारतीय महिला नेमबाजाचं त्या स्पर्धांमधलं पहिलं, तेही .२२ वरच. पण त्यामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव, लाखो काडतुसं, उस्ताद, आणि हाताच्या मापाची मूठ असते. राहीच्या हातातलं ते हत्यार पर्समध्ये मावत नाही. ती मेहनत पस्तीस हजारांच्या डब्यात भरून मिळते असं भासवणं, हा त्या मुलींचाही अपमानच आहे.

आणि आता आपल्या गोव्याची गोष्ट. सत्तरी, सांगे, काणकोणातल्या बागायतदारांकडे शेतीरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका असतात, हे आपण जाणतो. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. छाननी समितीकडून सूट मिळते ती बँकेच्या रखवालदारांना, नेमबाज खेळाडूंना, अशा मोजक्यांना. हाच नियम गुजरातेत, हाच दिल्लीत. २०२४ ची लोकसभा १६ मार्चला जाहीर झाली आणि मतमोजणी ४ जूनला झाली. ऐंशी दिवस. ऐन काजूच्या हंगामात सत्तरीतला बागायतदार माकडं हाकायला पत्र्याचा डबा वाजवत बसला. पर्सवाल्या बाईने तेवढे ऐंशी दिवस काय वाजवायचं, ते कुठल्या माहितीपत्रकात मी तरी वाचलेलं नाही.