उकिरड्यावर जाईल तेच दारावर लावा



सोयाबीन घरात आलं, कपाशीचा पहिला वेचा सुरू आहे. नागपूरच्या बाजारात प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा लटकल्या आहेत. त्यातच नातवाच्या शाळेतून निरोप आला की ३१ ऑक्टोबरला हॅलोविन आहे, सजावटीचं काही तरी घेऊन या. सून म्हणे, "मामाजी, दुकानात प्लास्टिकचा भोपळा भेटते, लाईटवाला." मी म्हटलं, आपल्या वावरात कोहळे पडून आहेत, मग विकत काहून आणायचा? आज त्यावरच लिहितो.

माझं म्हणणं सरळ आहे. सण कोणताही असो, सजावट अशी असावी की सण झाल्यावर उकिरड्यावर टाकता आली पाहिजे आणि तिचं खत झालं पाहिजे. जे उकिरड्यावर टाकता येत नाही ते दारावर लावू नये.

आता काहीजण म्हणतील, हे विलायती भुताखेतांचं आपल्याला काय करायचं? तर ऐका. हा सण मुळात आयर्लंडकडच्या शेतकरी लोकांचा. सुगी संपली, थंडी सुरू झाली, की त्या रात्री वाईट शक्ती फिरतात अशी त्यांची समजूत. म्हणून ते सलगमाचा कंद कोरून त्यात दिवा ठेवत. सलगम काहून? तर ते त्यांच्या शेतात होतं. पुढे ते लोक अमेरिकेत गेले, तिथं भोपळा भरपूर आणि कोरायला सोपा, म्हणून भोपळा आला. म्हणजे ज्याच्या वावरात जे पिकलं त्यानं ते दारात ठेवलं.

आणि आपण काय वेगळं करतो? पोळ्याच्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाचे मेढे ठेवतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच मेढे उचलून, रोगराई अन् मोंगसे घेऊन जाय असं मारबतीला सांगत शिवेबाहेर फेकून येतो. नागपुरात तर काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. बांबू, कागद, कापड यांचं धूड करायचं, गावभर फिरवायचं आणि शेवटी जाळायचं. त्याच दिवशी तान्ह्या पोळ्याला पोट्टे लाकडाचे बैल घेऊन घरोघर जातात आणि बोजारा मागतात. तिकडची लेकरं हॅलोविनला दारोदार चॉकलेट मागतात, ते याहून काय निराळं? म्हणून मी शाळेच्या मास्तरांवर रागावत नाही. फक्त म्हणतो, हॅलोविन करा, पण लेकराला मारबतही सांगा.

देशी-विदेशीचा वाद तर वावरात टिकतच नाही. ज्या झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही तो मूळचा मेक्सिकोकडचा. तिथं आजही १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांसाठी घराघरात झेंडू लावतात. आपलं लाल कोहळंही मूळ अमेरिका खंडातलंच. दोन्ही आपल्या मातीत रुजले आणि आपले झाले. प्लास्टिक मात्र कोणत्याच मातीत रुजत नाही.

कोणी म्हणेल, प्लास्टिकची माळ एकदा घेतली की तीन वर्षं चालते, स्वस्त पडते. घेणाऱ्याला पडत असेल. पण झेंडूवाल्या शेतकऱ्याचा हिशेब बघा. त्याचा माल दसरा-दिवाळीच्या थोड्या दिवसांत विकला गेला तर गेला, नाही तर तोडणीची मजुरीही निघत नाही. तुमच्या दारावरची एक माळ तीन वर्षं टिकली म्हणजे त्याचं तीन वर्षांचं गिऱ्हाईक गेलं. आणि रंग उडाल्यावर ती माळ जाते कुठं? उकिरड्यावरच. तिथं आपली गाय तोंड घालते. प्लास्टिक पोटात साचून राहते, रवंथ बंद होते, पोट फुगते. मग डॉक्टरचा खर्च त्या स्वस्त माळेत धरा. थर्माकोलच्या सजावटीवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

आता करायचं काय, ते सांगतो. पैसे लागत नाहीत, एक दुपार लागते.

१) तोरण : मौदा, रामटेककडं धान आहे. लोंबीत दाणा भरला पण ती पूर्ण पिकली नाही, तेव्हा थोड्या लोंब्या कापा आणि सावलीत उलट्या टांगून वाळवा. फार पिकलेली लोंबी झडते. अंबाडीच्या दोरीनं बांधा, मध्ये झेंडू आणि आंब्याची पानं. नायलॉनची दोरी नको. चिमण्या येतील, येऊ द्या.

२) कोहळं : चार बोटं देठ ठेवून तोडा. खरचटलेलं नसलं तर कोरड्या हवेशीर जागी दोन-तीन महिने सहज राहते, तसंच रचून ठेवलं तरी दारात शोभते. कोरायचं असेल तर आदल्या दिवशीच कोरा, आपल्याकडच्या उन्हात ते लवकर मऊ पडते. वरून झाकण कापायचं, गर काढून बोंडं करायची, बिया धुवून वाळवायच्या, आत पणती ठेवायची. सण झाला की बारीक तुकडे करून ढोरांपुढे टाका. मेण सांडलेला भाग किंवा बुरशी आलेलं कोहळं मात्र देऊ नका.

३) बुजगावणं : लेकरांना भुतंच करायची तर हे करू द्या. जुनं मडकं काळं करा, चुन्यानं डोळे-दात काढा, जुन्या सदऱ्यात कडबा भरा. दिवाळीपर्यंत अंगणात, मग हरभऱ्यात. एकदा केलं की रब्बीभर कामाला येते.

४) पऱ्हाटी : उमललेल्या बोंडांच्या दोन-चार काड्या मडक्यात फार छान दिसतात. पण किडकं, अर्धवट उमललेलं, कवडी झालेलं बोंड घरात आणू नका. त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कपाशीत येते. आणलेल्या काड्याही उन्हाळ्याआधी चुलीत घाला.

५) गाजरगवत नको : त्याची पांढरी बारीक फुलं पाहून काहीजण गुच्छात घालतात. अंगाला खाज सुटते, दमा असणाऱ्याला त्रास होतो आणि बी अंगणात पडते ते वेगळंच.

एक काळजी घ्या. कडबा, लोंब्या, कापूस सगळं वाळलेलं असते, पणती त्यापासून दूर ठेवा.

जे कृषी सहायक, कृषी पदवीधर हे वाचत असतील त्यांना विनंती, गावच्या शाळेत एक तास जा आणि लेकरांकडून हे करून घ्या. पिकाची ओळखही होते आणि किडीचीही.

शेवटचं आपल्याच माणसांना सांगतो. शहरातला माणूस प्लास्टिक लावतो, त्याच्याकडं वावर नाही. आपल्याकडं आहे. शेतकऱ्यानंच दारावर प्लास्टिकचा झेंडू बांधायचा आणि पारावर बसून झेंडूला भाव नाही म्हणायचं, हे जमत नाही. या दिवाळीला तोरण वावरातून आणा. स्वतःचं नसेल तर शेजाऱ्याच्या वावरातून आणा, पण त्याला पैसे देऊन.

तुमच्याकडं पोळ्याला, दसऱ्याला दारावर काय बांधतात ते लिहा. फोटो टाकला तर अजून चांगलं.