सल्ल्याची नोकरी आणि घरची पेढी

माघ-फाल्गुनात अकोल्याच्या बाजार समितीत नव्या तुरीची आवक जोरात असते. त्याच सुमारास व्यवस्थापन संस्थांतून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या नेमणुका ठरतात. डाळमिलच्या घरातला, अहमदाबादला किंवा नागपूरला आयआयएममध्ये शिकणारा मुलगा फोनवर कळवतो की, एका कन्सल्टिंग कंपनीने त्याला निवडले. पेढे वाटले जातात. मात्र आजोबांचा प्रश्न साधा असतो : ही कंपनी विकते काय?

ती सल्ला विकते. हा व्यवसाय काही नवा नाही. शिकागोतील हिशेबशास्त्राचे प्राध्यापक जेम्स मॅकिन्झी यांनी १९२६ मध्ये आपली पेढी काढली. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप १९६३ मध्ये, तर बेन १९७३ मध्ये निघाली. कारखाना असो, बँक असो वा सरकारी खाते. अडचण असेल त्याने शुल्क द्यावे आणि कंपनीने चार-पाच जणांची तुकडी पाठवून काही आठवड्यांत उपाय सुचवावा, अशी ही रीत आहे. नवा मुलगा त्या तुकडीत आकडे गोळा करतो, तक्ते मांडतो आणि वरिष्ठांनी खोडलेले पान पुन्हा लिहितो.

यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पेढीवर बसलेल्याला जन्मभर एक बाजार कळतो. या मुलाला तीन वर्षांत सिमेंट, औषधे, विमा असे चार-पाच धंदे आतून दिसतात. मोठा प्रश्न तुकडे करून सोडवण्याची सवय लागते. मुलाखतीतही तेच पाहतात : अमुक शहरात वर्षाला डाळ किती खपत असेल, अशा धर्तीचे प्रश्न येतात. तिथे मिलमालकाचा मुलगा अडत नाही. शंभर किलो तुरीचा उतारा साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलो डाळ, आणि उरलेली चुनी-टरफले जनावरांच्या खाद्याला, हा हिशेब त्याने लहानपणीच ऐकलेला असतो.

किंमतही चुकवावी लागते. सोमवारी विमान, गुरुवारी परत, मध्ये रात्री बारापर्यंत काम. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्याला ग्राहकाच्या शहरातील हॉटेलात तो कसा सांभाळायचा, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात पडतो. पर्युषणातील रजाही कामाच्या वेळापत्रकावर अवलंबून राहते. ठरावीक मुदतीत बढती मिळाली नाही तर बाहेर पडावे, हा बहुतेक मोठ्या कंपन्यांचा शिरस्ता आहे. २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या लेखापरीक्षण संस्थेतील सव्वीस वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने लिहिलेल्या पत्राने कामाच्या ओझ्याची देशभर चर्चा झाली. ते काम लेखापरीक्षणाचे होते; पण या दोन्ही व्यवसायांतील रात्री सारख्याच.

याहून खोल प्रश्न जबाबदारीचा आहे, आणि घरात त्याची चर्चा सहसा होत नाही. तुरीचा भाव पडला तर तोटा व्यापाऱ्याच्या वहीत पडतो. सल्ला चुकला तर तो ग्राहकाच्या वहीत पडतो. सल्लागार तोवर पुढच्या गावी गेलेला असतो. अमेरिकेत अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांची विक्री वाढवण्याचा सल्ला औषध कंपन्यांना दिल्याच्या प्रकरणात मॅकिन्झीने २०२१ मध्ये तेथील राज्यांशी सुमारे ५७ कोटी डॉलरची तडजोड केली. गोळ्या त्यांनी बनवल्या नव्हत्या, विकल्याही नव्हत्या. कृत, कारित आणि अनुमोदित हा भेद ज्या घरांत मुलांना लहानपणी शिकवला जातो, तिथे ‘आम्ही केवळ सल्ला दिला’ हे उत्तर पुरेसे वाटू नये. पेढीचा मालक कोणता माल ठेवायचा नाही हे स्वतः ठरवतो. नोकरीत ग्राहक दुसरे निवडतात. काही ठिकाणी एखादे काम नाकारण्याची मुभा असते. ती आहे का, हे होकार देण्यापूर्वी विचारून घ्यावे. वेतनाचा आकडा सर्वच विचारतात.

दोन-तीन वर्षांनी परतायचे, असे म्हणून पुष्कळ मुले जातात. परतणे सोपे नसते, आणि दोष नेहमी मुलांचाच असतो असे नाही. मुलगा येऊन सांगतो की उधारी नव्वद दिवसांवरून तीस दिवसांवर आणावी. आकड्यांत तो बरोबर असतो. पण मेहकरचा किंवा रिसोडचा जो किराणा दुकानदार दोन पिढ्यांपासून माल उचलतो, पीक बुडालेल्या साली उशिरा पण पूर्ण पैसे देतो, त्याचे वागणे कोणत्याही तक्त्यात आलेले नसते. ते जुन्या मुनिमाला ठाऊक असते. उलट, अडकलेल्या रकमेवर बँकेचे व्याज किती जाते हे त्या मुनिमाने कधी मांडून पाहिलेले नसते, आणि मुलगा ते एका दुपारी मांडून दाखवू शकतो. त्यासाठी वडिलांनी खऱ्या वह्या त्याच्यापुढे ठेवाव्या लागतात. अनोळखी कारखानदार लाखोंचे शुल्क देऊन ज्याला आपले हिशेब उघडून दाखवतो, त्याच मुलाला घरी मात्र ‘आधी वर्षभर गोदाम पाहा’ असे सांगितले जाते; तो सहा महिन्यांत पुन्हा मुंबईची गाडी धरतो.