भुकेची रांग आणि हौसेची रांग

रांग आमच्या वाचकांना नवी नाही. मुंबईत १९४३ साली रेशनिंग आले, तेव्हापासून कामगार वस्तीतल्या बाईच्या हाताला पिशवी आणि रेशनकार्ड जे चिकटले ते लवकर सुटलेच नाही. आरे दुधाच्या केंद्रावर भल्या पहाटे बाटल्या घेऊन उभी राहिलेली पिढी अजून घराघरांत आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आलेल्या माणसांनी लाल मिलो आणि सुकडीसाठी लावलेली रांग ज्यांनी पाहिली, ते ती विसरू म्हणता विसरणार नाहीत. या सगळ्या रांगांत उभ्या असलेल्या माणसाची इच्छा एकच असे, की रांग लवकर सरावी आणि आपला नंबर येईपर्यंत माल संपू नये.

परंतु जगात दुसऱ्या प्रकारचीही एक रांग असते. तिच्यात उभ्या असलेल्यांचे पोट भरलेले असते, आणि रांग जितकी लांब तितका त्यांना आनंद अधिक! आज आम्हाला या रांगेविषयी वाचकांशी चार शब्द बोलायचे आहेत.

न्यूयॉर्क शहरात स्प्रिंग स्ट्रीटवर दोमिनिक आन्सेल नावाच्या फ्रेंच कारागिराची बेकरी आहे. ती २०११ साली सुरू झाली. १० मे २०१३ रोजी त्यांनी एक नवा पदार्थ विक्रीला ठेवला. क्रोइसाँ म्हणजे फ्रान्समध्ये न्याहारीला खातात तो लोण्याच्या पदरांचा पाव, आणि डोनट म्हणजे मेदूवड्यासारखे मध्ये भोक असलेला तळलेला गोड पाव. या दोघांची सोयरीक जुळवून जे अपत्य झाले त्याचे नाव 'क्रोनट'. आपल्या भगिनींना सांगायचे तर चिरोट्यासारखे पदर सुटलेला डोनट! एका न्यूयॉर्ककर नियतकालिकाच्या खाद्यविषयक पानावर त्याची बातमी आली आणि तिसऱ्या दिवशी दुकानाबाहेर शंभरावर माणसे उभी होती. पुढे तर लोक पहाटेच, दुकान उघडण्याच्या कित्येक तास आधी, येऊन उभे राहू लागले. दुकानाला माणशी दोन नग अशी मर्यादा घालावी लागली. त्या वर्षीच्या उत्तम शोधांच्या यादीत 'टाइम' साप्ताहिकाने क्रोनटला जागा दिली.

यात कारागिराची लबाडी होती असे आम्ही म्हणणार नाही. पीठ मळायचे, लोणी घालून लाटायचे, घडी घालून विसावू द्यायचे, पुन्हा लाटायचे, कापून फुगू द्यायचे, तळायचे, मलई भरायची, वरून साखरेचा लेप द्यायचा, असे हे तीन दिवसांचे काम. छोट्या भटारखान्यात हवे तितके नग निघणार कसे? परंतु गंमत पुढेच आहे. पाच डॉलरचा नग दुकानाबाहेर कित्येक पटींनी विकणारे दलाल निर्माण झाले. पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने रांगेत उभे राहणारे लोकही निघाले. म्हणजे हौस एकाची आणि पाय दुसऱ्याचे! ज्याच्यापाशी पैसा आहे तो वेळ विकत घेतो आणि ज्याच्यापाशी पैसा नाही तो आपला वेळ विकतो, हा जगाचा जुना व्यवहार एका गोड पावाच्या दारातही चुकला नाही.

आता कोणी विचारील, मागणी एवढी होती तर मालकाने भाव का वाढवला नाही? हाच प्रश्न शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांना पूर्वी पडला होता. पुढे १९९२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कॅलिफोर्नियातील एका मासळीच्या उपाहारगृहापुढे नेहमी रांग असे आणि समोरच्याच उपाहारगृहात टेबले रिकामी असत. तरी गर्दीचा मालक भाव वाढवीत नव्हता. १९९१ साली लिहिलेल्या टिपणात बेकर यांनी उलगडा केला तो असा, की काही वस्तू अशा असतात की त्या इतरांना हव्या आहेत म्हणूनच आपल्याला हव्याशा वाटतात. तिथे रांग हीच जाहिरात. भाव वाढवून रांग मोडली तर गिऱ्हाइकाचे मनही मोडण्याचा धोका. रेशनच्या दुकानापुढची रांग ही टंचाईची खूण, तर या दुकानापुढची रांग हा मालाचाच एक भाग, असा हा फरक आहे.

मग अशा रांगेचे पुढे काय होते? अमेरिकेतच कपकेकची लाट येऊन गेली. न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवर १९९६ साली मॅग्नोलिया बेकरी निघाली. २००० साली दूरदर्शनवरच्या एका गाजलेल्या मालिकेत तिचा कपकेक दिसला आणि दारात रांगा लागल्या. तो धंदा पाहून पुष्कळ दुकाने निघाली. त्यांपैकी क्रम्ब्स नावाच्या कंपनीचे शेअर २०११ मध्ये शेअर बाजारातही आले. जुलै २०१४ मध्ये त्या कंपनीने आपली सगळी दुकाने एकदम बंद केली. पुढे काही दुकाने नव्या मालकांनी उघडली, पण कामावरच्या माणसांची नोकरी मात्र एका दिवसात गेली होती.

तैवानची गोष्ट याहून बोलकी आहे. मकावमध्ये १९८९ साली अँड्र्यू स्टो नावाच्या इंग्रज गृहस्थाने पोर्तुगीज पद्धतीचे एग टार्ट, म्हणजे खुसखुशीत वाटीत अंड्याचे कस्टर्ड भरून भाजलेला पदार्थ, विकायला सुरुवात केली. १९९८ च्या सुमारास त्याची लाट तैवानात पोहोचली. रांगा लागल्या. रांग पाहून ज्याला त्याला वाटले, आपणही भट्टी टाकावी. गल्लोगल्ली दुकाने झाली आणि काही महिन्यांत त्यांतली बहुतेक बंद पडली. पोरासोरांची जीभ दुसरीकडे वळली आणि भट्ट्या थंड झाल्या. देखादेखी धंद्यात उडी घेऊन बुडण्याला तिथे 'एग टार्टचा परिणाम' असे नावच पडले आहे.

वाचकहो, ही गोष्ट आम्ही करमणुकीसाठी सांगितली नाही. आपला तरुण आता नोकरीपलीकडे धंद्याकडे पाहू लागला आहे. आपल्या भगिनी बचत गटाच्या पैशातून छोटे उद्योग उभे करीत आहेत. ही अभिमानाची बाब आहे. परंतु आपल्या घरातले भांडवल हे बहुधा बापाच्या फंडाचे किंवा आईच्या गळ्यातले असते. ते एकदा गेले तर दुसऱ्यांदा उभे राहत नाही. रांगेत उभा राहून फसणाऱ्याचे शे-दोनशे रुपये जातात. रांग पाहून दुकान टाकणाऱ्याचे घर जाते. मोबाइलवर आज जो पदार्थ गाजतो आहे तो पुढच्या दिवाळीत कोणी खाईल काय, हा प्रश्न कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी विचारलाच पाहिजे.

उलट टिकणारी रांग कशी असते? पुण्याच्या कॅम्पातील कयानी बेकरी १९५५ सालची. तिच्या श्रुसबेरी बिस्किटांसाठी आजोबा उभे राहिले आणि नातूही उभा राहिला. आणि आपल्याच वस्तीतली एक रांग आठवा. दिवाळी जवळ आली की बायका मैदा, तूप आणि साखर डब्यांत घेऊन जवळच्या बेकरीत जात, नानकटाई भाजून आणायला. तासन्‌तास बसावे लागे, पण घरी येताना डब्यातून जो वास सुटे त्याने सारी चाळ जागी होई. त्या रांगेची बातमी कोणी छापली नाही. तरी ती वर्षानुवर्षे लागत राहिली, कारण माल चांगला होता आणि खिशाला परवडत होता.

खाण्याच्या बाबतीत लोकांच्या नजरेचे ओझे आपल्या देशात जुने आहे. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडण्यासाठी तिचे सभासद गुप्तपणे एकत्र जमत. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. १८६० साली सभासदांची यादी बाहेर पडली आणि लोक काय म्हणतील या धास्तीने सभाच मोडली. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांनी चहा-बिस्किटे घेतली. नावे वर्तमानपत्रात आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानडे, टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका बिस्किटाने केवढा गहजब! त्या काळी खाताना कोणी पाहू नये म्हणून दार लावीत. आज खाताना सर्वांनी पाहावे म्हणून आधी फोटो काढतात आणि मग घास घेतात. दार लावणाऱ्याचा आणि फोटो काढणाऱ्याचा घास ठरवते ती दुसऱ्याची नजरच.

याचा अर्थ आम्ही हौसेच्या विरुद्ध आहोत असा कोणी घेऊ नये. ज्या समाजाला शतकानुशतके शिळ्या तुकड्यांवर जगवले, आणि ज्याला तळ्यातले ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला चालून जावे लागले, त्या समाजाच्या मुलांनी ताजे, नवे आणि गोड का खाऊ नये? अवश्य खावे. परदेशी पदार्थही खावा, चांगल्या दुकानात मान वर करून बसून खावा. आमचे म्हणणे इतकेच, की खाणारी जीभ आपली असावी.

म्हणून पुढच्या वेळी मुलगी म्हणेल, "आई, तिथे केवढी रांग आहे, आपणही जाऊ या," तेव्हा तिला रागावू नका. तिला विचारा, रांग नसती तर हा पदार्थ तू घेतला असतास का? "हो" म्हणाली तर जरूर घेऊन द्या, आणि रांगेत उभे राहायचे झाले तर दोघी मिळून उभ्या राहा. "नाही" म्हणाली तर तेच पैसे घेऊन बाजारात जा, मैदा, तूप आणि साखर आणा, आणि भाजायचे काम तिच्या हाती द्या. पहिला घाणा थोडा करपेल, पण दुसरा नक्की चांगला होईल.