चार अल्बम आणि दोन पीयूष

गेल्या शनिवारी दादरला पीयूष पीत असताना शेजारच्या टेबलावर पन्नाशी उलटलेले दोन मित्र हातघाईवर आले होते. भांडण पार्किंगचं नव्हे, निवडणुकीचंही नव्हे. 'रॉक मशीन'चा सगळ्यांत पडेल अल्बम कुठला, याचं! तरुण वाचकांनो, हा आपल्या मुंबईचाच बँड. १९९३ मध्ये त्याचं 'इंडस क्रीड' झालं. दोन्ही नावांचे मिळून अल्बम चार. चारच! त्यांतही वाईट शोधायचा म्हणजे हापूसच्या चार फोडींत आंबट कुठली ते हुडकणं. पण भक्तांना दुसरा उद्योग काय? एकाचा राग २०१२च्या 'इव्हॉल्व्ह'वर : १७ वर्षं ताटकळत ठेवलं आणि हे दिलं, म्हणे. मला विचाराल तर पडेल पहिलाच, १९८८चा 'रॉक अँड रोल रेनेगेड'. गायला उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, आणि बाज मात्र थेट अमेरिकेहून उसना आणलेला. धोबीतलावच्या रंगभवनात, यांच्या कार्यक्रमांत, ओरडून घसा बसवून घेतलेला माणूस हे सांगतोय, ऐकीव नाही. उकाड्यात काळं जाकीट घालून गिरगावातून तिथवर चालत गेलेल्यांना तो अल्बम थोर वाटतो. त्यांना आवडतं ते जाकीट. माझ्याकडची कॅसेट अजून वाजते. उसनी मागू नका.