रक्त कोणाचे? काल्पनिक खेळांतील रक्तविद्येविषयी एक आग्रह

१/ ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ रचणाऱ्यांना रक्तविद्येच्या साधकाचा मोह वारंवार पडतो. योद्धा, धनुर्धर आणि मांत्रिक यांच्या रांगेत हा ‘ब्लड मेज’ उभा राहिला की खेळाडूंची पावले तिकडे वळतात. परंतु असा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, रचताना पहिला प्रश्न मंत्रांचा नसतो. सांडायचे ते रक्त कोणाचे, हा खरा प्रश्न आहे. या धाग्यात इतिहासाने त्याला दिलेले उत्तर पाहू, आणि त्यावरून एक आग्रह मांडू.

२/ आरंभ माया संस्कृतीपासून. मेक्सिकोत उसुमासिंता नदीच्या काठी याश्चिलान नावाचे प्राचीन नगर आहे. तेथील एका वास्तूच्या दारावरची कोरीव शिळा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर इ.स. ७०९ मधला प्रसंग कोरलेला आहे. राणी कबाल शोक गुडघ्यांवर बसून काटे बसवलेली दोरी आपल्या जिभेतून ओढत आहे. राजा इत्झामनाज बालम तिच्यापुढे मशाल धरून उभा आहे. रक्ताचे थेंब टोपलीतल्या कागदावर पडत आहेत.

३/ त्याच वास्तूतली दुसरी शिळा या विधीचे फळ दाखवते. रक्ताने भिजलेले कागद पात्रात आहेत, त्यातून एक विशाल सर्प उसळला आहे आणि त्याच्या जबड्यातून एक शस्त्रधारी आकृती प्रकटली आहे. राणी मान वर करून तिच्याकडे पाहत आहे. येथे अग्निगोल फेकलेला नाही की शत्रू कोसळलेला नाही. रक्ताच्या मोबदल्यात राणीला दर्शन मिळाले. ते रक्त दासीचे वा बंदिवानाचे नव्हते, नगरातल्या सर्वोच्च स्त्रीचे होते. सत्ता जितकी मोठी तितकी वेदनेची जबाबदारी मोठी, असा या शिळांचा अर्थ आहे.

४/ ग्रीकांकडे रक्ताचे फळ थोडे निराळे आहे. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात ओडिसियस तलवारीने खड्डा खणतो आणि त्यात मेंढ्यांचे रक्त ओततो. मृतांच्या छाया भोवती गोळा होतात. त्याची स्वतःची आई समोर बसलेली असते, पण ती मूक असते. रक्त प्राशन केल्यावरच ती मुलाला ओळखते आणि बोलू लागते. येथे रक्त पशूचे आहे, हे मान्य. तरीही ते शस्त्र नाही. ते मृतांना वाणी देते.

५/ येथे एक रास्त आक्षेप येतो. अ‍ॅझ्टेकांनी युद्धकैद्यांचे बळी दिले, ते रक्त परक्यांचेच नव्हते काय? होते, आणि त्या क्रौर्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या नाहुआत्ल भाषेत बळीसाठी असलेल्या ‘नेक्स्त्लावाल्ली’ या शब्दाचा अर्थ ‘ऋण फेडणे’ असा होतो. देवांनी स्वतःला होमून हे जग चालू केले, ते ऋण माणसावर आहे, ही त्यामागची धारणा. म्हणूनच त्यांचे पुरोहितही घायपाताच्या काट्यांनी आपल्या कानांतून आणि पोटऱ्यांतून रक्त काढत. हिशेब ऋणाचाच होता, आणि त्यातून पुरोहितालाही सूट नव्हती.

६/ मग ‘दुसऱ्याचे रक्त चोरून शक्ती मिळवणारी गुप्त मंडळी’ ही आज सर्वत्र आढळणारी प्रतिमा आली कोठून? तिचा मोठा भाग प्रत्यक्ष विधींतून आलेला नाही. तो आरोपांतून आला आहे. इ.स. ११४४ मध्ये इंग्लंडमधील नॉरिच येथे विल्यम नावाच्या मुलाचे प्रेत सापडले. पुढे थॉमस ऑफ मॉन्मथ या भिक्षूने त्या मृत्यूचे खापर तेथील ज्यू रहिवाशांवर फोडणारा ग्रंथ लिहिला. त्यातूनच, ज्यू लोक ख्रिस्ती मुलांचे रक्त धार्मिक विधींत वापरतात, असा आळ युरोपभर पसरत गेला. विपर्यास असा की, ज्यू धर्मशास्त्रात प्राण्याचे रक्तसुद्धा खाणे निषिद्ध आहे.

७/ इ.स. १४७५ मध्ये इटलीतील ट्रेंटो येथे सिमोन नावाचा बालक मृत सापडला. तेथील ज्यू पुरुषांचा छळ करून कबुलीजबाब मिळवण्यात आले आणि अनेकांना देहदंड झाला. छपाईची कला तेव्हा नवी होती. तिने ही कथा दूरवर नेली. त्या बालकाची संत म्हणून चाललेली उपासना कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये बंद केली. त्याआधी, १९११ मध्ये, कीव येथे मेंडेल बेलिस यांना याच आळाखाली अटक झाली होती. १९१३ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले. म्हणजे रक्तचोर मांत्रिकाच्या कल्पनेने विसाव्या शतकातही खराखुरा माणूस दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवला.

८/ आता खेळांकडे येऊ. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये वॉरलॉकला ‘लाइफ टॅप’ ही विद्या होती. आपली हेल्थ कमी करायची आणि तिच्या बदल्यात माना, म्हणजे मंत्रशक्ती, मिळवायची. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात काय घडे? वॉरलॉक आपले रक्त सांडे आणि मागे उभा असलेला हीलर ते भरून काढे. समजा, मंत्रासाठी हजारातली शंभर हेल्थ गेली आणि हीलरने ती दोन क्षणांत परत आणली. तर किंमत मोजली कोणी? हीलरच्या मानाने. साधकाला झळ लागलीच नाही.

९/ दुसरी रीत ‘ड्रेन’ची. शत्रूचे रक्त शोषायचे आणि आपली हेल्थ भरायची. त्याच खेळात २००८ मध्ये आलेल्या डेथ नाइटची ‘ब्लड’ शाखा शत्रूवर वार करून आपल्या जखमा भरते आणि पुढच्या फळीत टिकून राहते. खेळाच्या यंत्रणेत हे चोख बसते, मजाही येते. पण येथे रक्त म्हणजे दुसऱ्याच्या टाकीतून काढलेले इंधन. मराठीत या दोहोंना वेगवेगळे वाक्प्रचार आहेत : स्वतः झिजणारा माणूस ‘रक्त आटवतो’, आणि दुसऱ्याला छळणारा ‘रक्त पितो’. बहुतेक खेळ नाव पहिल्याचे घेतात आणि यंत्रणा दुसऱ्याची बांधतात.

१०/ याहून सरस नमुने खेळांच्याच इतिहासात आहेत. २००५ च्या ‘गिल्ड वॉर्स’मध्ये नेक्रोमॅन्सरकडे ‘ब्लड इज पॉवर’ हा मंत्र होता. साधक आपल्या कमाल हेल्थचा सुमारे एक तृतीयांश भाग देई आणि त्याचा लाभ मिळे साथीदाराला. त्याची ऊर्जा वेगाने भरू लागे. स्वतःवर हा मंत्र टाकताच येत नसे. २००९ चा ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ हा एकट्याने खेळायचा खेळ. त्यात रक्तविद्या चालू असताना मंत्रांची किंमत हेल्थमधून वळती होई आणि साधकावर उपचारांचा परिणाम पुष्कळ कमी होई. किंमत दुसऱ्यावर ढकलण्याची वाट तेथे जाणीवपूर्वक अरुंद केली होती.

११/ चित्रणाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील झुल’गुरुब हे नगर मेसोअमेरिकेतल्या पायऱ्यांच्या मंदिरांची आठवण करून देते, तेथे हक्कार हा रक्ताचा देव राहतो. सप्टेंबर २००५ मध्ये त्याचा ‘करप्टेड ब्लड’ हा शाप खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर शहरांत पोहोचला आणि रस्त्यांवर सांगाड्यांचा खच पडला. साथरोगांच्या अभ्यासकांनी २००७ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. तो किस्सा आजही रंगवून सांगितला जातो. मात्र माया राणीने स्वतःच्या जिभेतून ओढलेली दोरी त्या नगरात कोठेच नाही. उरला तो केवळ रक्तपिपासू देव.

१२/ म्हणून आग्रह असा : रक्तविद्येत रक्त ही किंमत असावी, शस्त्र नसावे. आराखड्यात याचा अर्थ चार नियम.
एक, मंत्रासाठी जाणारे रक्त साधकाचेच असावे.
दोन, त्या रक्ताएवढी त्याची कमाल हेल्थ लढाई संपेपर्यंत घटलेली राहावी. कोणत्याही हीलरला ती भरता येऊ नये.
तीन, फळ मुख्यतः साथीदारांना आणि ज्ञानाच्या रूपाने मिळावे : लपलेला शत्रू दिसावा, येणारा घाव आधी कळावा, मृत पात्रांनी बोलावे.
चार, कथेत ही विद्या कोणत्याही एका वंशाचे गुप्त पाप म्हणून रंगवू नये.

१३/ ‘असा दुबळा क्लास घेईल कोण?’ असे विचारले जाईल. पुढच्या फळीत उभा राहून सर्वांचे घाव झेलणारा टँकही खेळाडू आवडीने निवडतातच. आपल्या झिजण्याने सोबती तरले, हे समाधान खेळातही अस्सल असते. एकट्याने खेळणाऱ्याची अडचण खरी आहे; त्याच्यासाठी ऋण लहान ठेवावे आणि लढाई संपताच फिटावे. शक्तीचे आकडे मागेपुढे करता येतात. किंमत कोण मोजतो, हे मात्र एकदा ठरले की त्या क्लासचा स्वभाव ठरतो.

१४/ हा केवळ खेळ आहे, हे खरे. पण कोवळ्या वयातली मुले महिनोन्‌महिने या पात्रांच्या रूपाने वावरतात आणि एक मूल्य हातांच्या सवयीतून शिकतात. एका बाजूला याश्चिलानची राणी आहे, जी सर्वांदेखत स्वतःचे मोल देते. दुसऱ्या बाजूला ट्रेंटोचा आळ आहे, ज्याने न सांडलेल्या रक्तासाठी निरपराधांचे रक्त सांडले. रक्तविद्या रचणारा या दोहोंपैकी एकाचा वारसा उचलतोच, त्याला ठाऊक असो वा नसो.

आपण असा क्लास खेळला असाल, तर त्यात किंमत कोण मोजत होते, ते अवश्य लिहा. धागा समाप्त.