बसलेला राजहंस

आंधळगाव म्हटलं की लोकांना कोशाच्या साड्या आठवतात. मला डिसेंबरातली पहाट आठवते. धान कापून झालेल्या बांध्या, त्यांत लाखोळीचं कोवळं हिरवं, आणि पलीकडे धुक्याखालचा तलाव. त्या पाण्याकाठी पट्टकादंब उतरलेले असतात.

चित्रांतला पांढराशुभ्र, लांब मानेचा हंस विदर्भात येत नाही. उत्तर भारतातही तो क्वचित भरकटून येतो. आपला राजहंस म्हणजे हाच पट्टकादंब, राखी अंगाचा, पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे असलेला. मेघदूतात मेघासोबत कैलासाकडे निघणारे राजहंस हेच असावेत, असं मी मानतो. तिबेट, मंगोलिया, लडाखमधल्या सरोवरांकाठी यांची वीण होते आणि हिवाळ्यात ते हिमालय ओलांडून खाली येतात. पाठीवर यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात एका पक्ष्याने ७,००० मीटरहून अधिक उंची गाठल्याची नोंद आहे. हे पाखरू वाऱ्यावर तरंगत येत नाही. सतत पंख मारत येतं, तेही बहुधा रात्री किंवा पहाटे, हवा थंड आणि दाट असताना.

एवढं अंतर कापून आलेला थवा गेल्या जानेवारीत माझ्या डोळ्यांदेखत उठवला गेला. उडतानाचा फोटो हवा म्हणून एकाने ढेकूळ भिरकावलं. फोटो सुंदर आला असणार. थवा मात्र तीन-चार घिरट्या घालून दूर निघून गेला, तो त्या दिवशी परतला नाही. सुरुवातीच्या काळात मीही टाळ्या वाजवल्या आहेत, म्हणून हे जास्त टोचतं. हे पक्षी रात्री शेतांत चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात. त्या विसाव्यात अंगावर चढलेली चरबीच मार्चच्या परतीची शिदोरी असते. आपल्या एका फोटोसाठी आपण त्या शिदोरीत हात घालतो.

बसलेल्या राजहंसाचा फोटो काढणं खरं तर जास्त अवघड. पांढरं डोकं उन्हात जळून जातं, म्हणून एक्स्पोजर थोडं उतरवून ठेवावं लागतं. पाळीवर पालथं पडून लेन्स पाण्याच्या पातळीला आणावी लागते. सूर्य वर चढला की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि लांबून टिपलेलं पीस न् पीस विरघळतं. म्हणजे हातात जेमतेम दोन तास. थव्यात एक-दोन पक्षी मान उंच करून पहारा देत असतात, ते चालायचंच. पण विसावलेल्यांनीही माना वर केल्या, तर आपण फार जवळ आलो. तिथेच थांबायचं, आणि जमलं तर मागे सरकायचं.

उभं राहायचं नाही, हे मला पुस्तकाने नाही, जाळं टाकणाऱ्या एका ढिवर काकांनी शिकवलं. "पाखरं डोंग्याले भेत नाई, भाऊ. उभ्या मानसाले भेते." त्यांचा डोंगा थव्याजवळून जातो, एकही मान वर होत नाही.

या भागातले कितीतरी तलाव मालगुजारी काळातले. भातासाठी बांधलेले, ढिवरांच्या मासेमारीने जागते राहिलेले. आता अनेकांत बेशरम ही वनस्पती माजली आहे. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बायांना सोबत घेऊन ती उपटली आणि तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तसं काम आमच्याकडे व्हायला हवं. कॅमेरेवाल्यांनी त्यासाठी वर्षातला एक उन्हाळी रविवार द्यावा, अशी माझी मागणी आहे, आणि पहिला मी येईन.

मी ज्या तलावावर जातो त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फोटोखालीही ठिकाण टाकत नाही. परवा साडेनऊला लेन्स झाकली, कोपरांवर सरपटत पाळीमागे उतरलो. वळून पाहिलं तेव्हा पट्टकादंब तसेच बसलेले होते, चोच पाठीच्या पिसांत खुपसून.